राखेने घासलेलं पदक

रायपूर,
५ जानेवारी २०२५

चि. यशदीप,
जयभीम.

नीलेश उद्याच्या गाडीने रेल्वेच्या कामाला विशाखापट्टणमला निघतो आहे. तिथून तुझं कोंडपालेम बसने जवळ आहे म्हणतो, म्हणून त्याच्याजवळच तुझ्या मामाजींचं, म्हणजे माझ्या मालकांचं, पदक देते आहे. पोस्टाने पाठवणार नाही हे मी तुला आधीच कळवलं होतं. हे पदक आलं होतं पोस्टानेच, पुठ्ठ्याच्या एवढ्याशा डबीत. पोस्टमनने सही घेतली, सायकलला टांग मारली आणि निघूनही गेला. घरात मी आणि नुकता बोलायला लागलेला नीलेश. डबी मी एकटीनेच उघडली. तेव्हापासून पोस्टावर माझा राग आहे.

पत्रं तेवढी टाकते, कारण फोनवर मला आता कोणाचंच ऐकू येत नाही. नीलेशने कानाचं मशीन आणून दिलं, तर त्यात माणसाच्या बोलण्यापेक्षा पंख्याची घरघर जास्त. त्याची पायल मला व्हॉट्सॲप शिकवायला बसली होती. मी म्हटलं, "पोट्टे, तू आंधी मराठी लिवाले शीक, मंग मी पायतो तुह्या मोबाईलकडे." तेव्हापासून नातीने विषय काढला नाही.

पदक द्यायला मन लवकर तयार झालं नाही, हे खरं. पण माझ्यानंतर ते कोणत्या तरी कपाटात, जुन्या बिलांच्या आणि तुटक्या चष्म्यांच्या खाली जाईल, हेही मला दिसतं. तुझ्या बापाला, माझ्या धाकट्या भावाला, मी कडेवर घेऊन वाढवलं. त्याचा मुलगा अशा जागी नोकरीला लागला जिथे सैनिकांच्या वस्तू सांभाळतात, आणि तीही नेमकी त्याच किनाऱ्यावर जिथे तुझे मामाजी गेले. मग आणखी कोणाच्या हाती देऊ?

मला बदल्यात एकच पाहिजे. पदकाखाली त्यांचं नाव लिहा. नायक हिरालाल रामटेके. मोठ्या अक्षरात लिहा आणि हिंदीतही लिहा, मला इंग्रजी येत नाही. गोळी लागून जे गेले त्यांची नावं कुठे ना कुठे दगडावर कोरलेली असतात. हे गेले खाडीच्या तोंडाशी, रसद नेणारी होडी उलटून. एकाहत्तरचा डिसेंबर होता. पलटणीने तिथेच अग्नी दिला आणि मला तार आली. त्यांचं नाव कुठेच नाही रे. एकदा ते लागलेलं बघितलं की माझं झालं.

काल पुन्हा चिंच-राखेने घासून लख्ख केलं आहे. बघशील तर तोंड दिसेल त्यात.

तुझी आत्याबाई,
मीराबाई


कोंडपालेम,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्याबाई,
जयभीम.

पदक मिळालं. नीलेशदादाने रुमालात, रुमाल डब्यात आणि डबा पोटाशी धरून आणला होता. त्याला संग्रहालय फिरवून दाखवलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. खाडी कोणत्या बाजूला आहे एवढंच तो विचारत होता. मी हात करून दाखवली. तो जरा वेळ तिकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "चाल, गाडी चुकन."

तुम्ही विचारलं होतं की मी इथे नेमकं करतो काय. संग्रहालय तोफखान्याच्या जुन्या बराकीत आहे. दारात किनारा राखणाऱ्या दोन तोफा आहेत, त्यांची तोंडं अजून समुद्राकडेच. मागे महायुद्धातले खंदक, अर्धे वाळूत गेलेले. आत वायरलेसचे संच, नौदलाचे झेंडे, फाटकी लाइफ जॅकेटं. दिवसभर माझं भांडण मिठाशी. खाऱ्या वाऱ्याने लोखंड फुगतं, कापड कुजतं, पितळ हिरवं पडतं. पाहायला येणारे फार नाहीत. शाळेच्या सहली येतात, मुलं तोफेवर चढून फोटो काढतात आणि डबे खाऊन जातात. पण या वर्षी आमचे प्रमुख हरिदास सर एक नवं दालन उघडणार आहेत, साध्या शिपायांचं. सर नौदलातून निवृत्त झालेले, बेरहामपूरकडचे. मामाजींचं पदक त्याच दालनात जाईल.

एक गंमत सांगतो, रागावू नका. इथे कोणतीच धातूची वस्तू घासायची नाही असा नियम आहे. हातमोजे घालून उचलायची, मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स. काळं पडलेलं काळंच ठेवतात. तुमचं पदक बाहेर काढलं तेव्हा हरिदास सर म्हणाले, आपल्या सगळ्या संग्रहात एवढं चकचकीत काहीच नाही.

एक विचारायचं होतं. पदकाच्या कडेला, म्हणजे गोल किनारीवर, पूर्वी काही बारीक अक्षरं होती का? आठवत असेल तर लिहा. नोंद करताना विचारावं लागतं, म्हणून विचारलं.

तुमचा,
यशदीप


रायपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. यशदीप,
जयभीम.

घासायचं नाही म्हणजे काय? मग कळकटच ठेवता? तुझा पगार कशाचा, मळ सांभाळायचा? मी एका शाळेत आया होते. पितळेची घंटा आणि पाण्याचे हंडे माझ्याकडे होते. हंड्यावर एक डाग दिसला तर मोठ्या बाई भर व्हरांड्यात बोलायच्या. आमच्या हातात स्वच्छतेशिवाय दुसरं होतं काय दाखवायला! तुझ्या हरिदास साहेबांना सांग, एवढं चकचकीत काही नाही कारण बाकीच्या पदकांना बायको नव्हती.

अक्षरं वगैरे काही नव्हती. समोरच्या बाजूचं चित्र आहे तेवढंच. हां, कडेला मात्र मळ फार होता. आलं तेव्हापासूनच होता. काळे काळे बारीक चरे, गोल फिरत गेलेले, जशी मुंग्यांची रांग. नवी वस्तू आणि अशी मळकी पाठवतात, याचाही मला तेव्हा राग आला होता. नुसत्या चिंचेने तो निघेना. मग मी चुलीची राख चाळून घ्यायला लागले, नारळाच्या शेंडीने कडेकडेने घासायची. दर वर्षी त्यांच्या दिवसाला, डिसेंबरात, सकाळी पहिलं काम ते. मग बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचं, मेणबत्ती लावायची, त्रिशरण म्हणायचं. पहिल्या काही वर्षांत थोडाच निघाला. पण मी सोडते की काय! शेवटी एका वर्षी सगळा निघाला, तेव्हापासून कड अशी गुळगुळीत आहे. गॅस आल्यावर चूल गेली, तर राख आणायला मी अभनपूरला सुनेच्या माहेरी सांगून ठेवते. ते धानाच्या कोंड्याची राख देतात, ती अजून चांगली.

हे सगळं नोंदीत लिही. कोणी सांभाळलं ते कळू दे.

आणि दालन कधी उघडतं ते लवकर कळव. नीलेशला रजा टाकावी लागेल. मी समुद्र पाहिलेला नाही. पाहायची फार हौस आहे असंही नाही, पण त्यांचं नाव बघायला मी येणार.

तुझी आत्याबाई,
मीराबाई


कोंडपालेम,
२ मार्च २०२५

ती. आत्याबाई,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. कामं फार निघाली. दालनाच्या भिंतीला ओल आली आहे, रंग धरत नाही. त्यामुळे उद्घाटन पुढे गेलं. कधी होईल ते आत्ता सांगता येत नाही. उन्हाळ्यात तर तुम्ही अजिबात निघू नका. इथला उकाडा रायपूरसारखा कोरडा नाही, अंगाला चिकटतो आणि जीव नको करून सोडतो.

मागच्या रविवारी खाडीच्या तोंडाशी जाऊन आलो. तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मुद्दाम गेलो. तिथे काहीच नाही. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांवर येतं आणि मधे पांढरी रेघ उठते. कोळ्यांच्या होड्या पण तिथे थांबून लाट बघून मग निघतात. एका म्हाताऱ्या कोळ्याला एकाहत्तरचं विचारलं. त्याला होडी आठवत नव्हती. तो म्हणाला, इथे दरवर्षी एखादी उलटतेच.

तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. पदक कसं सांभाळलं ते सगळं वाचलं. अजून कोणाला दाखवलं नाही, सवडीने दाखवीन. नावाची काळजी करू नका. तब्येत सांभाळा. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमचा,
यशदीप


रायपूर,
२० मे २०२५

चि. यशदीप,
जयभीम.

गुडघ्याचं विचारतोस आणि जे मी विचारलं ते सोडून देतोस. तुझा बाप पण असाच होता, पाठीमागे फुटकी पाटी लपवून मला म्हणायचा, ताई, आज भाजी काय केली?

पाटी कशी केली आहे? काळ्यावर पांढरी अक्षरं की पांढऱ्यावर काळी? नावाआधी 'नायक' लिहिलं ना? नुसतं हिरालाल लिहिलं तर कोणाचाही हिरालाल होतो.

बुद्ध पौर्णिमेला विहारात कार्यक्रम झाला. तेलीबांध्याकडची नवी बिऱ्हाडंसुद्धा आली होती. मंडळाच्या लोकांनी मला समोर बसवलं, शाल दिली आणि सांगितलं की आपल्या समाजाच्या सैनिकाचं नाव समुद्रकाठच्या संग्रहालयात लागतं आहे. मला ऐकू आलं नाही, पण सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होते, त्यावरून कळलं. आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, ज्या बाया माझ्याशी कधी बोलल्या नाहीत त्या आता जाता-येता हात वर करतात. मला बरं वाटलं यशदीप. तरुणपणी विधवा झालेल्या बाईकडे लोक कसे बघतात हे तुला माहीत नाही. माझा नवरा होता, तो काम करताना गेला, हे मी आयुष्यभर सांगत आले. आता दुसरं कोणी तरी सांगेल.

पांढरं लुगडं काढून ठेवलं आहे. बोलावशील तेव्हा निघते.

तुझी आत्याबाई,
मीराबाई


कोंडपालेम,
१२ जून २०२५

ती. आत्याबाई,
जयभीम.

घाईत लिहितो आहे. दालन उघडलं, पण कार्यक्रम काही केला नाही. पाहुणे मिळाले नाहीत, पाऊसही लवकर आला. पाटीचं छापायचं काम अजून चाललं आहे. पाट्या नीट लागल्या की मी स्वतः रायपूरला येऊन तुम्हाला घेऊन जाईन. तोवर निघू नका. नीलेशदादालाही सांगा, रजा वाया घालवू नको.

तुमचा,
यशदीप


रायपूर,
२५ ऑगस्ट २०२५

यशदीप,

पायल कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर विशाखापट्टणम फिरायला गेली होती. मला न सांगता एक दिवस ती तुझ्या कोंडपालेमला गेली. तुला भेटून चकित करायचं म्हणून. तू रजेवर होतास. तिने तिकीट काढलं, दालनात गेली आणि आजोबांचं पदक शोधून फोटो काढला. माझ्यासाठी.

घरी आली आणि फोटो दाखवेना. मीच मोबाईल मागून घेतला. काचेत पदक आहे. चमकतं आहे. खाली तीन भाषांत पाटी आहे. इंग्रजी आणि तेलुगू मला येत नाही, पण हिंदी येते. 'सेवा पदक, १९७१. प्राप्तकर्ता अज्ञात.' मी परत परत वाचलं. पायल माझ्या तोंडासमोर येऊन म्हणत होती, "आजी, रोना मत, गलती से लिखा होगा." तिला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते.

अज्ञात? तुझ्या मामाजींना तू अज्ञात म्हणतोस? आणि छापायचं काम चाललं आहे म्हणून मला थोपवून ठेवतोस?

मला माहीत आहे काय झालं. साहेबांनी रामटेके वाचलं आणि त्यांना कळलं आपण कोण. मला हे नवीन नाही. शंकर नगरात खोली बघायला गेले होते, तेव्हा मालकीण गोड बोलत होती. आडनाव विचारलं आणि खोली कालच दिलेली निघाली. शाळेत हंडे मी घासायचे, पण भरायला दुसरी बाई होती. पदक घ्यायला चालतं, नाव लावायला चालत नाही. वस्तू तुमची आणि माणूस आमचा!

नीलेशला मी असा कधी पाहिला नाही. तो म्हणतो, "आई, आता मी चूप नाही बसत. समाजाचे लोकं घेऊन जातो अन् त्या सायबाले विचारतो, माह्या बापाचं नाव काहून काढलं म्हणून." मंडळाने अर्ज लिहिला आहे. त्यात हरिदास साहेबांचं नाव घातलं आहे आणि तो पेपरातही देणार आहेत. पुढच्या महिनाअखेरीस बैठक आहे, त्याआधी तुझं उत्तर पाहिजे. तू त्यांच्या बाजूचा की आमच्या, तेवढंच लिही.

मीराबाई


कोंडपालेम,
१ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाई,
जयभीम.

हे पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. खरं सांगतो, तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. तुम्ही स्वतःच कारण शोधून दिलं होतं. मी फक्त सही करायची होती. तुम्ही जे सोसलं ते खोटं नाही, शंकर नगरची खोली खोटी नाही. म्हणून कोणालाही ते पटलं असतं. पण हरिदास सरांनी नाव काढलेलं नाही. ते निरपराध आहेत आणि अर्जात त्यांचं नाव जाऊ देणं माझ्याच्याने होत नाही. नीलेशदादाला आजच थांबवा. कारण खाली लिहितो. कृपा करून बसून वाचा.

सरकार जेव्हा पदक देतं तेव्हा त्याच्या कडेवर त्या सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक इंग्रजी अक्षरांत कोरून देतं. पदक कोणाचं हे ठरवायला संग्रहालयात तोच एक पुरावा धरतात. आमच्याकडे पूर्वी एका माणसाने बाजारातून घेतलेलं पदक आपल्या आजोबांचं म्हणून दिलं होतं. पाटी लागली, फोटो छापून आले आणि मग खरे घरचे लोक आले. कडेवर त्यांच्या माणसाचं नाव होतं, ते कोणी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून संग्रहालयाच्या समितीने नियम केला की वस्तूवर नाव नसेल तर पाटीवर नाव नाही.

तुम्ही लिहिलं होतं, कडेला काळे चरे होते, मुंग्यांच्या रांगेसारखे. आत्याबाई, तो मळ नव्हता. कोरलेल्या अक्षरांत काळं बसतं, तेच दिसत होतं. ते मामाजींचं नाव होतं.

मी भिंगाने पाहिलं, तिरक्या उजेडात पाहिलं. एक-दोन आकडे असावेत असं वाटतं आणि एक उभी रेघ आहे, बाकी कड कोरी आहे. हरिदास सरांनी पलटणीच्या कचेरीला स्वतः पत्र लिहिलं. तिथून उत्तर आलं की नायक हिरालाल रामटेके होते, इथेच गेले, पदक त्यांच्या पत्नीला पाठवलं. पण हे पदक तेच, असं ते लिहून देऊ शकत नाहीत. सर समितीपुढे दोनदा भांडले. समिती ऐकत नाही. सर म्हणाले, सैनिकाच्या नावाची ओळ माझ्या हातात नाही. देणाऱ्याची ओळ आहे. देणाऱ्याने स्वतःविषयी जे लिहून दिलं असेल ते जसंच्या तसं छापता येतं. ती ओळ मीच रिकामी ठेवली. तुमचं नाव लावलं असतं तर कोणी तरी तुम्हाला विचारलं असतं, पदक इतकं कोरं कसं, आणि मग तुम्हाला कळलं असतं.

तुमची चूक नाही. ज्यांनी पदक पाठवलं त्यांनी एका ओळीचं पत्र सोबत ठेवलं असतं तर हे झालं नसतं. पोस्टमन दोन मिनिटं थांबला असता तरी झालं नसतं. मी हे तुम्हाला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही. अजूनही नाही.

तुमचा,
यशदीप


रायपूर,
११ डिसेंबर २०२५

चि. यशदीप,
जयभीम.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. नीलेशला एवढंच म्हटलं की अर्ज फाडून टाक, साहेबांचा दोष नाही. तो कारण विचारत राहिला, आवाज चढवून विचारत राहिला असेल. मला ऐकू येत नाही याचा त्या दिवशी उपयोग झाला. मंडळाची माणसं नाराज झाली. बाया आता पुन्हा हात वर करत नाहीत. तुला मधे तीन महिने काही लिहिलं नाही, कारण पेन हातात घेतलं की मला माझ्याच अक्षराची लाज वाटायची. मी चौथी पास आहे, आमच्या काळच्या बायांत मला लिहिता-वाचता येतं म्हणून मी फार मिरवलं. आणि जे वाचायचं होतं ते डोळ्यासमोर धरून घासत बसले.

परवा त्यांचा दिवस झाला. सकाळी उठले तर सुनेने सवयीने वाटीत चिंच भिजत घातली होती. तिला काही माहीत नव्हतं. ती वाटी बघितली आणि मला फार रडू आलं. तार आली होती तेव्हा मी इतकी रडले नव्हते. तेव्हा पोटाशी नीलेश होता, दूध आटेल म्हणून सासू रडू देत नव्हती.

मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? तू म्हणतोस माझी चूक नाही, ते राहू दे. ज्या वर्षी कड पूर्ण साफ झाली, त्या वर्षी मला आनंद झाला होता. मला तो दिवस आठवतो. मी शेजारणीला हाक मारून दाखवलं होतं, "पाय वो, कसं कोरं निंघालं!" ती पण म्हणाली, छान निघालं. त्यांचं शेवटचं अक्षर गेलं आणि मी अंगणात उभी राहून हसत होते.

काल नीलेशला सगळं सांगितलं. त्याचा तो बाप, ज्याला त्याने पाहिला नाही. नीलेशच्या हातात बापाचं नाव होतं, लहानपणी तो ते पदक तोंडात घालायचा. त्याने ऐकून घेतलं आणि दाराकडे तोंड करून काही तरी बोलला. ओठ दिसले असते तर मला कळलं असतं. मी परत विचारलं नाही. रात्री जेवायला बसला, माझ्या ताटात त्याने भाजी वाढली, एवढंच.

आता कामाचं. तू लिहिलंस की देणाऱ्याची ओळ रिकामी आहे. ती मी भरते. खाली देते तसंच्या तसं छापायचं, तिन्ही भाषांत, आणि एक अक्षर बदलायचं नाही. मला वाईट वाटेल म्हणून कुठे मऊ करू नको.

'या पदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलेलं होतं. त्याच्या बायकोला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने ते मळ समजून दरवर्षी चिंच आणि राखेने घासून काढलं. देणार, मीराबाई हिरालाल रामटेके, रायपूर.'

आधार कार्डावर माझं नाव नुसतं मीराबाई रामटेके आहे. इकडे मधलं नाव लिहायची पद्धत नाही. पण आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या नावात नवरा असतो, आणि सैनिकाच्या ओळीत काय लिहायचं ते समिती ठरवत असली तरी माझ्या नावात काय लिहायचं ते मी ठरवीन. हरिदास साहेबांना माझा जयभीम सांग आणि माझ्यामुळे त्यांना जो त्रास झाला असता त्याची माफी माग. आणि समितीने याचाही पुरावा मागितला, तर त्यांना सांग, नाव पुसणारी अजून जिवंत आहे.

तुझी आत्याबाई,
मीराबाई हिरालाल रामटेके